बाबूजी नाईक बारामतीकर : चरित्र आणि चरित्रकार

मोरोपंतांचें कोणतेंहि चरित्र हातीं घेतलें, कीं प्रारंभींच्या पानांतच बारामतीचे बाबूजी नाईक भेटतात. पन्हाळ्याहून आलेल्या एका तरुण पुराणिकाला ते आपल्या पदरीं ठेवून घेतात, त्याच्या योगक्षेमाची काळजी वाहतात, आणि मग ग्रंथकार त्यांना आदराचा नमस्कार करून कवीच्या मागें निघून जातो. उलटपक्षीं पेशवाईच्या इतिहासांतील १७४० सालचें प्रकरण उघडलें, तर तेथेंहि बारामतीचे बाबूजी नाईक भेटतात. परंतु ते पेशव्यांच्या वारसाच्या वाटेंत आडवे आलेले एक हट्टी सावकार म्हणून. पहिल्या पुस्तकांतील नाईक गुणग्राहक, धर्मशील व उदार. दुसऱ्यांतील नाईक लोभी, महत्त्वाकांक्षी आणि अखेर फजीत पावलेले. हीं दोन्ही पुस्तकें एकाच कपाटांत शेजारीं शेजारीं उभीं असलीं, तरी या दोन नाइकांची परस्परांशीं ओळख करून देण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. ते श्रम घ्यावे, आणि घेतांना आपल्याकडील चरित्रलेखनाच्या एका खोडीविषयीं चार शब्द बोलावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नाइकांचें मूळ आडनांव जोशी. शाहूमहाराजांच्या कारकीर्दींत ज्या ब्राह्मण घराण्यांनीं देशावर पेढ्या घालून सरदारांना पैसा पुरविला, त्यांपैकीं हें एक प्रमुख घराणें. आणि 'नाईक' हा त्या पेढीचाच मान होय. पेशव्यांशीं त्यांचा संबंध केवळ व्याजबट्ट्याचा नव्हता. बाळाजी विश्वनाथांच्या दोन मुलींपैकीं अनूबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली होती, व भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाइकांना. हे आबाजी म्हणजे बाबूजींचे बंधु. तेव्हां थोरले बाजीराव हे बाबूजींच्या भावजयीचे भाऊ, आणि नानासाहेबांच्या दृष्टीनें पाहिलें तर बाबूजी म्हणजे आत्याबाईंचे दीर. १७४० च्या भांडणाची चर्चा करतांना ही एवढी सोयरीक ध्यानांत ठेवली, तर त्या भांडणाचा अर्धा कडवटपणा कोठून आला तें आपोआप उमगतें. परक्याचा तगादा मनुष्य सोसतो. व्याह्याचा तगादा त्याला काळजाला लागतो.

आतां नाइकांचा पैसा आला कोठून, हा प्रश्न साहजिक उद्भवतो, आणि तो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा असूनहि चरित्रकार त्याला बगल देतात. 'बारामतीचे श्रीमंत नाईक' असे शब्द वाचल्याबरोबर आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें उसाचे मळे व साखरेचे कारखाने उभे राहतात. अठराव्या शतकांतील बारामती अशी नव्हती. उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा यांच्यामध्यें हा मुलूख पसरला आहे. कऱ्हा पुरंदराकडून येऊन बारामतीवरून पुढें नीरेला मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोंकाला नरसिंहपुराजवळ भीमेंत जाते. नकाशावर पाहावें तर नद्यांची एवढी गर्दी. पण पाऊस मात्र सह्याद्रीनें आपल्यापाशींच ठेवून घेतलेला. नीरेचा डावा कालवा १८८५ त वाहूं लागला, तेव्हांपासून या भागाचें दैव पालटलें. त्यापूर्वीं येथें ज्वारी-बाजरी पिके, तीहि मेघराजाची मर्जी असेल तेव्हां. इंदापूरची कथा तर याहून करुण. जेथें मालोजीराजे भोसले लढतां लढतां पडले, व जो परगणा पुढें पुणें, सुपें, चाकण यांबरोबर शहाजीराजांच्या जहागिरींत होता, त्याच इंदापुरांत इंग्रजी अंमलाच्या आरंभीं प्रिंगलसाहेबांनीं निव्वळ उत्पन्नाचें सूक्ष्म गणित मांडून सारा बसविला. कागदावर तें गणित मोठें सुरेख होतें. परंतु रयतेला तो सारा इतका जड झाला, कीं जमिनी ओस पडूं लागल्या, आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांना तेथेंच नवी पाहणी हातीं घेऊन, सारा उतरवून, तीस वर्षांची मुदत बांधून द्यावी लागली. मुंबई इलाख्यांतील पुढच्या सर्व पाहण्यांचा हा श्रीगणेशा.

अशा जमिनीच्या वसुलावर पेशव्यांना कर्ज देण्याइतकी संपत्ति जमणें शक्य नाहीं. नाइकांचें खरें शेत निराळेंच होतें, आणि त्याला पाऊस लागत नसे. त्याला स्वारी लागे. सरदारानें मोहिमेवर निघावें, शिलेदारांच्या पगारासाठीं पेढीवरून रक्कम उचलावी, आणि ज्या मुलखावर स्वारी जायची त्याच्या येणाऱ्या चौथाईवर ती फेडावी, असा तो क्रम. स्वारी फळाला आली, तर मुद्दल व्याजासह परत. नाहीं आली तर सावकार पुढच्या स्वारीची वाट पाहतो. थोरल्या बाजीरावांनीं वीस वर्षें घोड्यावर काढलीं आणि वीस वर्षें कर्जांत काढलीं, हें ब्रह्मेंद्रस्वामींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यावरून सर्वांस ठाऊक आहे. धावडशीच्या स्वामींचें कर्ज इतिहासकारांनीं रसाळपणें वर्णिलें, कारण तेथें गुरुशिष्यांचें नातें होतें. बारामतीच्या नाइकांचें कर्ज तितकेंच खरें असून तें मात्र खलनायकाचें हत्यार ठरलें.

येथें थोडें विषयांतर करून आम्ही वाचकांस त्याच काळच्या इंग्लंडांत नेऊं इच्छितों. जॉर्ज लिटल्टन या नांवाचा एक जमीनदार आणि मुत्सद्दी १७०९ पासून १७७३ पर्यंत तेथें होऊन गेला. वूस्टर परगण्यांत हॅगले येथें त्याची पिढीजात इस्टेट. १७३५ पासून वीस-एकवीस वर्षें तो पार्लमेंटांत बसे. मामा लॉर्ड कॉबम, मावसभाऊ ग्रेनव्हिल मंडळी, आणि बहीण दिली होती ती विल्यम पिटच्या वडील भावाला. असा हा सारा गोतावळा वॉलपोलच्या विरुद्ध एकजुटीनें उभा राहिला, आणि सत्तेच्या वाटणीची वेळ येतांच आपापसांत फुटला. लिटल्टन १७५५ त न्यूकॅसलच्या मंत्रिमंडळांत खजिन्याचा मंत्री झाला व पिट बाहेर पडला. सोयरीक होती तेथेंच वितुष्ट आलें. हिशेबाच्या कामीं लिटल्टनसाहेबांची गति बेताची, अशी त्यांची तेव्हां थट्टा होई; वर्षभरांत तेंहि पद गेलें. परंतु त्यांनीं टॉमसन कवीला युवराजाकडून शंभर पौंडांची वार्षिक नेमणूक करून दिली, आणि फील्डिंगनें १७४९ त आपली 'टॉम जोन्स' ही प्रसिद्ध कादंबरी त्यांना अर्पण केली. सोयरिकीचें राजकारण, त्यांतील अपयश, आणि एका मोठ्या ग्रंथकाराचा आश्रय: हे तिन्ही धागे एकाच मनुष्याच्या आयुष्यांत विणलेले पाहून आम्हांस बारामतीची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

साम्य दाखवून थांबलों, तर ती नुसती गंमत होईल. भेद अधिक शिकवणारा आहे. लिटल्टनची पत्रें जपलीं गेलीं व १८४५ त फिलिमोर नांवाच्या गृहस्थानें तीं दोन खंडांत छापलीं. डॉ. जॉन्सननें आपल्या कविचरित्रांत त्याला स्थान दिलें, पण आश्रयदाता म्हणून त्याच्या कवितेला सवलत दिली नाहीं. इतकी नाहीं, कीं त्याचे स्नेही जॉन्सनवर रुष्ट झाले. पुढें १९२९ त नेमिअर या इतिहासकारानें तिसऱ्या जॉर्जच्या आरंभीच्या पार्लमेंटावर ग्रंथ लिहिला, तेव्हां सभासदांच्या भाषणांपेक्षां त्यांच्या इस्टेटी, त्यांचीं कर्जें आणि त्यांच्या मुलींची लग्नें यांकडे अधिक लक्ष दिलें. त्या पद्धतीवर इंग्लंडांत पुष्कळ टीका झाली. ती मनुष्याच्या तत्त्वांना कवडीची किंमत देत नाहीं, असा आक्षेप आला, आणि तो अगदींच निराधार नाहीं. तथापि पेशवाईचा अभ्यास करणाऱ्यानें ती पद्धति एकवार तरी वापरून पाहावी. आपल्याकडे तत्त्वांविषयीं इतकें बोललें गेलें आहे, आणि लग्नांविषयीं इतकें थोडें.

आतां १७४० सालाकडे वळूं. एप्रिलच्या २८ तारखेस रावेरखेडी येथें नर्मदेच्या कांठीं बाजीराव वारले. वडील पुत्र नानासाहेब विशीचेहि नव्हते. नागपूरकर रघूजी भोसले त्या वेळीं कर्नाटकाच्या मोठ्या स्वारींत गुंतले होते. ते शाहूमहाराजांचे साडू असून बाजीरावांशीं त्यांचें मुळींच पटत नव्हतें. पेशवाईचीं वस्त्रें बाजीरावांच्या पुत्रास न मिळतां बाबूजी नाइकांना मिळावीं असा त्यांनीं घाट घातला, आणि नाइकांनीं त्या पदासाठीं महाराजांना मोठा नजराणा देऊं केला. महाराजांनीं तो नाकारून दोन-सव्वादोन महिन्यांत नानासाहेबांना वस्त्रें दिलीं. रघूजी परत फिरले व मार्च १७४१ त त्यांनीं त्रिचनापल्ली घेतली. पद हुकलें, तेव्हां नाइकांनीं बापाच्या कर्जासाठीं मुलाच्या दारांत तगादा बसविला. ग्रँट डफ सांगतो, कीं मराठी सावकाराला ठाऊक असलेले सगळे जाच त्यांनीं नव्या पेशव्यावर केले, व अखेर महादाजीपंत पुरंदरे यांनीं आपली पत मध्यें घालून ती सोडवणूक केली; हा उपकार नानासाहेब कधीं विसरले नाहींत.

डफचा इतिहास १८२६ त निघाला. त्यानंतर मराठी इतिहासकारांनीं त्याच्या अनेक चुका दाखविल्या आणि कित्येक प्रकरणांत त्याला धारेवर धरलें. परंतु बाबूजी नाइकांविषयींचा त्याचा रंग मात्र आम्हीं जसाच्या तसा उचलला. ज्या इंग्रज लेखकाच्या एरवींच्या प्रत्येक वाक्याकडे आम्ही संशयानें पाहतों, त्याचेंच हें एक वाक्य इतकें प्रमाण कां वाटावें? आमच्या मतें याचें कारण असें, कीं पुढें काय झालें हें आपल्याला ठाऊक असतें. अटकेपर्यंत पोंचलेली मराठी फौज, पुण्याचें वैभव, भाऊसाहेब, माधवराव हें सारें नानासाहेबांच्या मागें दिसत असतें, आणि त्या उजेडांत १७४० मधील कोणताहि विरोधक करंटाच दिसणार. त्या सालीं मात्र हा उजेड पडलेला नव्हता. पेशवेपद वंशपरंपरेचें आहे असें तोंवर कोणी ठरविलेलें नव्हतें. बाळाजी विश्वनाथांना १७१३ त तें मिळालें तें त्यांच्या कर्तबगारीनें; १७२० त बाजीरावांच्या नेमणुकीला प्रतिनिधीसारख्या थोर अधिकाऱ्यानें विरोध केला, तो मुलाचें वय व अननुभव यांवर बोट ठेवूनच; आणि १७४० त नानासाहेबांचें वय बाजीरावांपेक्षां फारसें जास्त नव्हतें. छत्रपतींनीं दोन उमेदवारांतून एकाची निवड केली असा हा शेवटचा प्रसंग होय. १७४९ च्या डिसेंबरांत शाहूमहाराज वारले, आणि पुढच्या वर्षीं सांगोल्याला जो करार झाला त्यानंतर साताऱ्याला निवड करण्याचा अधिकारच उरला नाहीं. जो पराभूत झाला त्याला आपण मूर्ख म्हणूं, पण त्याचा अर्ज बेकायदा होता असें म्हणतां येत नाहीं.

एवढें म्हणून आम्ही नाइकांची वकिली करावयास निघालों आहों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. ते रघूजींच्या हातांतील सोंगटी होते, यांत संशय नाहीं. रघूजींना पेशवा नको होता असें नव्हे. त्यांना दुबळा पेशवा हवा होता, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे पण फौज नाहीं असा मनुष्य त्या कामाला उत्तम. नाइकांसारख्या मुरलेल्या सावकाराला हें कळलें नसेल असें मानणें कठिण आहे. कळूनहि ते पुढें झाले, याचा अर्थ त्यांना आपल्या पैशाच्या सामर्थ्याविषयीं भ्रम झाला होता. हा भ्रम कर्नाटकानें उतरविला.

तगाद्याच्या प्रकरणांत मात्र इतिहासकारांनीं नाइकांवर अन्याय केला आहे, असें आम्हांस स्पष्ट म्हणावयाचें आहे. कर्ज काढलें तें कशासाठीं? बाजीरावांनीं तें चैनीसाठीं काढलें नाहीं. राज्याच्या मोहिमांसाठीं काढलें. मग तें राज्याचें कर्ज झालें. परंतु तें राज्याच्या नांवें कोठेंच लिहिलें नव्हतें; तें बाजीरावांच्या नांवें होतें, आणि बाजीराव वारल्याबरोबर त्यांच्या मुलाच्या डोक्यावर आलें. इंग्लंडांत १६९४ त बँक स्थापन झाली, तेव्हांपासून राजाला दिलेलें कर्ज पार्लमेंटच्या हमीचें राष्ट्रीय कर्ज झालें. मंत्री मेला वा गेला तरी धनकोचें व्याज थांबत नसे, आणि म्हणून मंत्र्याच्या मुलाच्या दारांत बसण्याचें धनकोला कारणहि नसे. आपल्याकडे ती सोय नव्हती. पेशव्याचें पद मुलाला गेलें तर मुलगा कर्ज फेडील. पद दुसऱ्याकडे गेलें तर तें बुडालें. उमेदवार होऊन नाइकांनीं एका दृष्टीनें आपलें बुडणारें मुद्दल वाचविण्याचाच प्रयत्न केला, व तो फसल्यावर तगादा लावून दुसरा प्रयत्न केला. रीत उद्धटपणाची होती. भावजयीच्या माहेराशीं तर ती अशोभनीयच होती. पण पुरंदऱ्यांच्या मध्यस्थीची मुक्तकंठानें स्तुति करणाऱ्यांनीं एवढें तरी पाहावें, कीं पुरंदऱ्यांना मध्यें पडावें लागलें तें देणें खरें होतें म्हणूनच.

कर्नाटकाचें प्रकरण थोडक्यांत आटोपूं. शाहूमहाराजांनीं नाइकांची समजूत काढण्यासाठीं म्हणा, वा पेशव्यांना शह असावा म्हणून म्हणा, कृष्णा व तुंगभद्रा यांच्यामधील चौथाई-सरदेशमुखीचा मक्ता त्यांना दिला. आजवर दुसऱ्यांच्या मोहिमांना भांडवल पुरविणारे नाईक आतां स्वतःच फौजा घेऊन निघाले. तेथील देशमुखांनीं आणि सावनूरच्या नबाबानें त्यांना दाद दिली नाहीं. वसूल आला नाहीं, शिपायांचे पगार चढत गेले, आणि डफच्या म्हणण्याप्रमाणें नाइकांची पेढी पार धुऊन निघाली. १७४६ च्या अखेरीस तिकडे सदाशिवरावभाऊंची पहिली स्वारी गेली आणि तिनें काय केलें तें प्रसिद्धच आहे. सावकार म्हणून ज्यानें शेंकडों मोहिमांचा जमाखर्च तपासला असेल, त्याला स्वतःच्या एका मोहिमेचा जमाखर्च जुळवितां आला नाहीं. लिटल्टनच्या खजिन्याच्या कारभाराशीं याची तुलना करण्याचा मोह होतो. पण लिटल्टनच्या चुकीनें हॅगलेची एक एकरहि जमीन गेली नाहीं. इंग्रज जमीनदार राजकारणांत हरला कीं घरीं जाऊन बागा लावीत असे व इतिहास लिहीत असे. लिटल्टननें दोन्ही केलें: हॅगलेचा नवा प्रासाद बांधला आणि दुसऱ्या हेन्रीचें चरित्र लिहिलें. आमच्या नाइकांनीं काय केलें?

त्यांनीं मोरोपंतांना ठेवून घेतलें. साल लक्षांत घ्यावें, कारण सारा मुद्दा येथें आहे. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा. पन्हाळ्याला केशव पाध्ये व गणेश पाध्ये यांच्यापाशीं व्याकरण, काव्य, अलंकार यांचें अध्ययन करून ते बारामतीस आले, ते वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे १७५२ च्या सुमारास. पेशवेपद हुकून बारा वर्षें झालीं होतीं आणि कर्नाटकांत हात पोळून पांच-सहा. तेव्हां चरित्रकार जें चित्र रंगवितात, कीं ऐश्वर्याच्या शिखरावर असलेल्या एका धनिकानें आपल्या वैभवाला शोभा यावी म्हणून कवि पदरीं ठेवला, तें चित्र कालानुक्रमानेंच चुकतें. कऱ्हेच्या कांठच्या त्या बुरूजबंद वाड्यांत मोरोपंतांसमोर पुराण ऐकावयास जो यजमान बसे, तो राजकारणांत हरलेला मनुष्य होता. आणि उलट, डफ म्हणतो तितकी त्याची धूळधाणहि झाली नसली पाहिजे. नाहींतर पुढें चाळीस वर्षें एका विद्वान कुटुंबाचा योगक्षेम त्या घराण्याकडून चालता ना. एका चरित्रकाराची चूक दुसऱ्याच्या चुकीनें दुरुस्त होते ती अशी. पण त्यासाठीं दोघेहि एका मेजावर आणावे लागतात.

मोरोपंतांच्या काव्यावर या घराची काय छाया पडली, याचा विचार आमच्या टीकाकारांनीं फारसा केलेला नाहीं. निबंधमालाकारांपासून पांगारकरांपर्यंत मोरोपंतांचे कैवारी त्यांची भक्ति, बहुश्रुतता व भाषाप्रभुत्व यांविषयीं बोलतात. प्रतिपक्षी त्यांच्या यमकांना व क्लिष्टतेला हंसतात. दोघेहि कवीला हवेंत तरंगत ठेवतात. तो कोणापुढें बोलत होता? एकशें आठ रामायणें कोण लिहितो? ओष्ठ्य वर्ण मुळींच येऊं न देतां एक रामायण, प्रत्येक ठिकाणीं 'परंतु' हा शब्द साधून दुसरें, मंत्राचीं अक्षरें गुंफून तिसरें: हे खेळ रणांगणावरून परतलेल्या शिलेदारासाठीं नव्हेत, व पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यासाठींहि नव्हेत. ज्याला राम कोठें जाणार व रावण कसा मरणार हें पूर्ण ठाऊक आहे, ज्याला संस्कृताचा कान आहे, आणि मुख्य म्हणजे ज्याला दुपारीं दुसरें कांहीं करावयाचें नाहीं, अशा श्रोत्यासाठीं ते आहेत. असा श्रोता बारामतीच्या वाड्यांत बसलेला होता. नाईक पेशवे झाले असते तर मोरोपंतांना एवढी निवांत दुपार मिळती ना, असें आम्हांस वाटतें. हें अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच वाचकांनीं तें घ्यावें; परंतु 'आर्याभारता'सारखें विस्तीर्ण काम शांतपणें, वर्षानुवर्षें, एकाच गतीनें चालविण्यास जें स्वास्थ्य लागतें, तें पुण्याच्या दरबारीं गर्दींत साधणारें नव्हतें, एवढें तरी कोणासहि कबूल व्हावें.

या ठिकाणीं इंग्लंडाशीं तुलना पुन्हां उपयोगी पडते. फील्डिंगनें 'टॉम जोन्स' लिटल्टनला अर्पण केलें खरें, पण त्याच पुस्तकाचे सहाशें पौंड त्याला पुस्तकविक्या मिलरकडून मिळाले. आश्रयदाता आणि बाजार हे दोन्ही त्याच्यापुढें उभे होते, व सहा वर्षांनीं, १७५५ त, जॉन्सननें लॉर्ड चेस्टरफील्डला तें सुप्रसिद्ध पत्र लिहून आश्रयदात्यांना निरोपच दिला. मोरोपंतांपुढें बाजार नव्हता. मराठी छापखाना अजून जन्मावयाचा होता. १८५४ त परशुरामपंततात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'नें त्यांची कविता शाळेशाळेंत नेली, तोंवर ती कीर्तनकारांच्या कंठांतून आणि हस्तलिखितांतून फिरत होती. म्हणजे ज्या कवीला वाचक विकत घेत नव्हता, त्याला जगविणारें घर हेंच त्याचें प्रकाशनगृह होतें. असें असूनहि मोरोपंतांच्या महाकाव्यांचे नायक राम, कृष्ण आणि पांडवच राहिले. बारामतीचे नाईक त्यांत नायक झाले नाहींत. त्यांच्या मोहिमेवर काव्य नाहीं, त्यांच्या वंशाचें महाकाव्य नाहीं. यजमानानें तें मागितलें नाहीं, कीं कवीनें तें दिलें नाहीं? कर्नाटकाविषयीं गप्प राहणेंच दोघांनाहि सोईचें वाटलें असेल, असें कोणी मिस्किलपणें म्हणेल. आम्ही मात्र ही गोष्ट बाबूजींच्या जमेच्या बाजूस मांडतों. नजराणा देऊन पेशवेपद मागणाऱ्या मनुष्यानें अन्न घालून स्तुति मागितली नाहीं.

सावकारीच्या या कथेला त्याच मुलखांत एक उपसंहार आहे, आणि बारामतीचा इतिहास सांगणाऱ्यानें तो गाळूं नये. आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवीं १२ मे १८७५ रोजीं बाजाराच्या दिवशीं कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें फोडलीं व खतें, दस्तऐवज, वह्या यांची होळी केली. तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें, आणि १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. धनको ऋणकोच्या दारांत बसतो हें १७४० चें चित्र, आणि ऋणको धनकोच्या दारांत शिरून कागद जाळतो हें १८७५ चें चित्र, या दोहोंमध्यें अवघीं कांहीं कोसांचें अंतर आहे. पहिल्या प्रसंगीं ऋणको पेशवा होता, त्याला पुरंदरे भेटले. दुसऱ्या प्रसंगींच्या ऋणकोला पत घालणारें कोणी नव्हतें. नाइकांच्या पिढींतील सावकारांनीं सुपें-इंदापूरच्या कुणब्याला काय दरानें पैसा दिला, हें त्यांच्या चरित्रांत यावयास नको काय? मोठ्यांशीं त्यांचा व्यवहार कसा होता तें आम्ही वाचतों. लहानांशीं कसा होता, हें विचारण्याची आम्हांस संवयच नाहीं.

चरित्रलेखनाची जी खोड आरंभीं म्हटली ती हीच. आम्ही मनुष्याला ज्या दारांतून आंत येतांना पाहतों, त्याच दारानें त्याला बाहेर घालवितों. वाङ्मयाच्या इतिहासांत आला तर तो रसिक. राजकारणाच्या इतिहासांत आला तर तो कपटी. मधल्या दिंडीनें एका खोलींतून दुसरींत गेलेला तो आम्हांस दिसतच नाहीं. वाड्याचीहि तीच गत झाली. पुढच्या काळांत त्यांत सरकारी कचेऱ्या भरल्या, आणि ज्या चौकांत कित्येक वर्षें पुराण चाललें तेथें दावे-अर्जांचे कागद फिरूं लागले. बारामतीस जाणाऱ्याला आतां मोरोपंतांचें स्मारक आवर्जून दाखवितात, तें योग्यच आहे. तेथून वाडा फार लांब नाहीं, तोहि पाहून यावा.

नाइकांच्या चरित्राला लागणारें साहित्य अगदींच दुर्मिळ नाहीं. सरदेसायांनीं १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. त्यापूर्वीं राजवाड्यांचे खंड आणि खऱ्यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह होताच. मोरोपंतांच्या अभ्यासकांनीं हे भाग उघडावे, व पेशवाईच्या अभ्यासकांनीं मोरोपंतांचीं चरित्रें चाळावीं, एवढी आमची विनंती आहे. याशिवाय नीरा-भीमेच्या दुआबांत बारामती, सुपें, इंदापूर, नरसिंहपूर येथें जुन्या ब्राह्मण, मराठा व व्यापारी घराण्यांतून अजून रुमाल बांधलेले असतील. त्यांत एखादें खत, एखादी खतावणी, एखाद्या वर्षासनाची नोंद निघाली, तर ती वाळवीच्या स्वाधीन न करतां पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे द्यावी. नाइकांच्या पेढीच्या एकाच वर्षाच्या जमाखर्चांत कर्नाटकांतील शिपायांचे पगार, पेशव्यांच्या नांवें लागलेलें व्याज, इंदापूरच्या एखाद्या कुणब्याची बाकी आणि 'पुराणिकबावा' म्हणून पडलेला खर्च अशा चार रकमा एकाखालीं एक लिहिलेल्या सांपडल्या, तर आम्हांस आणखी कांहीं नको.